वय बदललं की नैराश्याचं रूपही बदलतं का? खान्देशातल्या घरांमधले अनुभव

अंजनीकाठ :
नमस्कार मंडळी. मी एरंडोलची. इथे लिहिते कमी, वाचते जास्त, तरी आज धागा काढतेय.

आमच्या भाऊबंदकीत वर्षभरात एकाच आजाराची माणसं एकापाठोपाठ निघाली. पुतण्या दहावीत. घरच्यांचं निदान : मोबाइलने बिघडला. चुलतबहीण पहिलटकरीण. निदान : माहेरी लाडावली. आणि मोठे आबा, पंचाहत्तरीचे. अर्धी भाकरी ताटात सोडून उठतात, दिवसभर ओसरीत भिंतीकडे तोंड करून पडून असतात. निदान : वय झालं, चालायचंच. पुतण्याला आणि बहिणीला शेवटी डॉक्टरांकडे नेलं. दोघांनाही नैराश्य, पुतण्याला जोडीला अँग्झायटी. आबा मात्र यायला तयार नाहीत.

खटकतं ते हे, की यांच्यातलं एकही माणूस 'मी उदास आहे' असं म्हणालं नव्हतं. पुतण्या दारं आपटायचा. बहीण रात्रभर उठून बाळाच्या नाकाशी बोट धरायची, श्वास चालू आहे ना बघायला. आबा म्हणतात पोटात गोळा फिरतो. मग घरच्यांनी ओळखायचं कशावरून? वेगवेगळ्या वयातले अनुभव वाचायला आवडतील. औषधांची नावं आणि डोस मात्र लिहू नका, कोणीतरी वाचून सरळ मेडिकलवर जाईल.

बिबडे_पापड :
रुमाल टाकून ठेवते. रात्री सविस्तर लिहीन.

ओपीडीतून :
मी मानसोपचाराचा डॉक्टर, जिल्ह्याच्या गावी असतो. इथे कोणाचं निदान करणार नाही, विपूत (खासगी निरोपात) विचारलं तरीही नाही. सर्वसाधारण सांगतो.

वय कोणतंही असो, आम्ही आधी दोन गोष्टी बघतो. मन सतत खाली बसलेलं आहे का, आणि पूर्वी ज्यात जीव रमायचा त्यातला रस गेलाय का. दोन्हींपैकी एक तरी हवंच, तेही बहुतेक रोज, सलग दोन आठवडे. त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, स्वतःला दोष देणं, मरणाचे विचार यांतलं बरंचसं, आणि या सगळ्यापायी शाळा, शेत किंवा घरकाम अडलेलं. एक दिवस मूड गेला याला नैराश्य म्हणत नाहीत.

आता वयाचं. मुलांत उदासीऐवजी चिडचिड दिसू शकते, हे निदानाच्या निकषांतच लिहिलेलं आहे, त्यामुळे अंजनीताईंच्या पुतण्याचं दार आपटणं मला नवीन नाही. म्हाताऱ्या माणसांत रडू कमी दिसतं, पोट, कंबर, झोप आणि विसरभोळेपणा जास्त. चिंतेचंही तसंच. लहान मुलाचं पोट दुखतं, तिशी-चाळिशीत छाती धडधडते, उतारवयात पडण्याची आणि कोणावर ओझं होण्याची भीती धरते. मानसिक आजारांपैकी साधारण निम्म्यांची सुरुवात चौदा वर्षांच्या आसपास किंवा त्याआधीच झालेली असते. आपल्याकडे पेशंट येतो मात्र लग्न-मुलं झाल्यावर.

भुसावळ_जंक्शन :
छाती धडधडणाऱ्यांपैकी मी एक. रेल्वेत नोकरी, वय तेव्हा बेचाळीस. रात्रपाळीत अचानक काळजात धस्स, हाताला मुंग्या, घाम, घशाला कोरड. म्हटलं आपलं तिकीट फाटलं. मित्रांनी उचलून दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. पुन्हा ईसीजी. बायको म्हणते, त्या काळातले कागद जपून ठेवले असते तर दिवाळीला घराला तोरण झालं असतं.

एका फिजिशियननी फाइल मिटून विचारलं, "अटॅक येत नाही त्या दिवशी काय करता?" मी खरं ते सांगितलं. पहिला अटॅक आला त्या फलाटावर जाणं मी सोडलं होतं, लांबून पुलावरून फिरून जायचो. ते म्हणाले, हृदय ठीक आहे, भीतीची भीती बसली आहे. पॅनिक अटॅक. तो दहाएक मिनिटांत कळसाला जातो आणि ओसरतो, त्याने माणूस मरत नाही, हे कळायलाच मला सहा महिने लागले. समुपदेशकांनी हळूहळू त्याच फलाटावर उभं राहायला लावलं. आधी कोणाला सोबत घेऊन, मग एकट्याने. आता तिथेच चहा पितो.

ओपीडीतून :
एक भर. पहिल्यांदा छातीत दुखलं तर 'पॅनिक असेल' म्हणून घरी बसू नका. हृदय आधी तपासायचं, मग बाकी.

जिनिंगवाला :
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. पहाटे उठून मळ्यात जायचं, दिवसभर घाम गाळायचा, रात्री पडलं की झोप. आताच्या पोरांना एसी पाहिजे, मोबाइल पाहिजे, आणि वर डिप्रेशनही पाहिजे. बसून राहिलं की डोकं सडतं. काम द्या, सगळं बरं होतं.

गिरणाकाठची :
@जिनिंगवाला भाऊ, होतं. फक्त दवाखान्यात जात नव्हतं.

माझ्या आईची आई, चाळीसगाव तालुक्यातली. लागोपाठ दोन लेकरं गेली, त्यानंतर तिने बोलणं टाकलं. काम करायची, तुम्ही म्हणता तसं घाम गाळून. पहाटे जात्यावर बसायची आणि पीठ पडायचं थांबलं तरी रिकामं जातं फिरवत राहायची. सासरच्यांनी 'बाहेरचं' ठरवलं. भगताकडे नेलं, धुरी दिली, लिंबू उतरवले, केस धरून हलवलं. ती एवढंच म्हणायची, "माले काहीच गोड लागत नही." आई हे सांगते तेव्हा अजून तिचा आवाज बदलतो. आज कोणी असं म्हणत आलं तर डॉक्टर पहिल्या पाच मिनिटांत ओळखतील. कामाने बरं होणार असतं तर ती गावात सगळ्यात आधी बरी झाली असती.

जिनिंगवाला :
ताई, तुमच्या आजीचं ऐकून वाईट वाटलं, ते वेगळं. मी आजच्या पोरांचं बोलतोय.

केळीबाग :
मग आजच्या पोराचंच सांगते. आम्ही रावेरचे. मुलगा अकरावीत, नीटचा क्लास लावला, होस्टेलला ठेवला. दर रविवारी टेस्ट. शनिवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा, पोट दुखतंय. आम्ही मेसच्या जेवणाला दोष दिला, घरून तूप पाठवलं, ओवा पाठवला. सोनोग्राफीत काही नाही. सुट्टीला आला तेव्हा पाहिलं, नखं कुरतडून बोटांची टोकं लाल झालेली. बोर्डाच्या पेपरांच्या दिवसांत होस्टेल बंद, टेस्ट बंद, तर पोटही बंद.

आमच्या घरात त्या वर्षी केळीवर सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला होता, रोपं उपटून फेकावी लागली. आम्ही नवरा-बायको हलक्या आवाजात हिशेब करायचो, क्लासच्या फीचा दुसरा हप्ता कसा भरायचा. पोराने ते सगळं ऐकलेलं. समुपदेशक ताईंसमोर म्हणाला, "मी नापास झालो तर पप्पांची केळी वाया गेली." तो आळशी नव्हता हो. सोळाव्या वर्षी बागेचं कर्ज डोक्यावर घेऊन बसला होता.

जिनिंगवाला :
बाग गेल्याचं दुःख मला कळतं, ताई. आमच्याकडे कापूस घरात पडून आहे आणि भाव खाली. पण मग हेच विचारतो : दुःखाला कारण आहे ना? कारण असेल तर आजार कसला? कर्ज फेडा, बरं वाटेल. सावकाराला गोळी देऊन येते का झोप?

तापीखोरं :
या वेळी जिनिंगवाल्यांशी सहमत आहे. बोंडअळी, पाऊस, बँक यांबद्दल कोणी बोलत नाही आणि शेतकऱ्याला 'सकारात्मक विचार करा' म्हणून शिबिरं घेतात. डोकं शेतकऱ्याचं नाही, व्यवस्थेचं तपासा.

ओपीडीतून :
तापीखोरं, तुमचा राग रास्त आहे आणि माझ्या गोळीने कापसाचा भाव वाढत नाही. पण कारण सापडलं म्हणून आजार नाही असं होत नाही. दारूने लिव्हर खराब झालं तर कारण माहीत असतं, तरी लिव्हरला उपचार लागतातच. कर्ज असलेल्या दहा शेतकऱ्यांतला एक अंथरुणातून उठत नाही आणि बाकीचे बँकेत भांडायला जातात. त्या एकाला भांडायला उभं करणं एवढंच माझं काम. भाव मिळवून देणं तुमचं आणि सरकारचं.

आणि शेतीच्या घरांसाठी एक विनंती, प्लीज हलक्यात घेऊ नका. घरात कोणी महिनाभर गप्प असेल, देण्याघेण्याचे हिशेब अचानक मिटवत असेल, 'माझ्यानंतर' अशा गोष्टी बोलत असेल, तर फवारणीची औषधं घरातून हलवा. कुलपात, आणि किल्ली दुसऱ्याकडे. आत्महत्येचा विचार येतो का हे सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात विचार घुसत नाही, उलट बहुतेकांना बोलायला वाट मिळते. विचार येतो म्हणाला तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्री-बेरात्री टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, 14416. ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

उधना_सुरत :
पोरं आणि शेतकरी झाले, आता आमच्यासारख्यांचं कोणी लिहिणार का? नंदुरबारहून गाडीत बसलेली निम्मी तरुण पोरं इकडे उतरतात. लूमवर बारा तासांची पाळी, कानात दिवसभर खटखट, एका खोलीत आठ जण पाळीपाळीने झोपतात. गावी फोन केला की 'मजेत शे' एवढंच बोलायचं. इथं कोणी रडत नाही. पितात. आणि पिऊन भांडतात. मी स्वतः त्यातून गेलोय. तीन वर्षं मला वाटायचं मला दारूचा त्रास आहे. दारू सुटल्यावर कळलं, ती ज्यावर ओतत होतो ते खाली तसंच होतं.

भुसावळ_जंक्शन :
भाऊ, सलाम. आमच्या खात्यातही हेच. साहेब चिडका आहे म्हणून सगळे टाळतात, कोणी विचारत नाही की हा मागच्या वर्षापर्यंत असा नव्हता.

शेवभाजी_झणझणीत :
उधन्यातल्या आपल्या लोकांच्या खानावळीत शेवभाजी अजून गावासारखी मिळते का? पूर्वी लै भारी मिळायची.

उधना_सुरत :
मिळते, पण शेव गोडसर. तर्री पाहून फसू नका.

बिबडे_पापड :
धागा शेवभाजीवर जायच्या आत लिहून टाकते.

मला बाळंतपणानंतर झालं. धुळ्याजवळचं माहेर, सगळं यथासांग. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, पडदे ओढलेली खोली. पहिले काही दिवस रडू यायचं, सगळ्या म्हणाल्या येतंच. ते खरंही आहे, बऱ्याच जणींना येतं आणि दोनेक आठवड्यांत आपोआप जातं. माझं गेलं नाही. बाळ झोपलं तरी मला झोप नाही. आई म्हणायची, "ते झोपलंय तोवर पड." मी पडून छताच्या कड्या मोजायची. बाळाकडे बघून काहीच वाटायचं नाही, आणि वाटत नाही म्हणून मी राक्षसीण आहे असं वाटायचं. हे तोंडातून कोणापुढे काढणार? माहेरवाशिणीने एवढ्या कौतुकात असं बोलायचं?

ओळखलं ते आशाताईंनी. बाळाचं वजन करायला आल्या होत्या. बाळाचं झाल्यावर वही मिटली आणि म्हणाल्या, "आता तुझं सांग. हसू येतं का गं?" बस, तिथे बांध फुटला. उपचार घेतले, अंगावर पाजत असताना चालतील अशी औषधं डॉक्टरांनी दिली. मुलगी आता दुसरीत आहे आणि माझं डोकं खाते.

ओपीडीतून :
बाळंतिणीबद्दल एकच जोड. झोप पूर्ण उडाली, बाई असंबद्ध बोलायला लागली, आवाज ऐकू येतात म्हणाली, बाळाबद्दल विचित्र संशय घेऊ लागली, तर ती इमर्जन्सी आहे. उद्या नाही, आजच.

निवृत्त_मास्तर :
वय एकाहत्तर. धागा पूर्ण वाचला. म्हाताऱ्यांवर सगळे बोलतात, म्हातारा कोणी बोलला नाही म्हणून लिहितो.

सौभाग्यवती गेल्या. मुलं पुण्याला. 'या ना इकडे' म्हणतात, जातो, चौथ्या मजल्यावर आठ दिवस बसतो आणि अमळनेरला परत येतो. शोक झाला हे मान्य. पण शोकात माणसाला गेलेल्याची आठवण येऊन रडू येतं, मध्येच तिची एखादी खोड आठवून हसूही येतं. माझं तसं राहिलं नव्हतं. पेपर समोर धरायचो, एक ओळ कळायची नाही. शेजाऱ्याचं नाव आठवेना. मला खात्री पटली की स्मृतिभ्रंश झाला. मुलगा घाबरून घेऊन गेला. तपासण्या झाल्या, बी-12 तळाला गेलेलं, थायरॉइडही बिघडलेलं, आणि त्याच्यावर नैराश्य. तिन्हींवर उपचार झाले. स्मरणशक्ती आली परत. आता विद्यार्थ्यांची नावं हजेरीच्या क्रमाने म्हणून दाखवतो, कोणाला ऐकायची असोत-नसोत.

गिरणाकाठची :
मास्तर, पाळी जातानाच्या वयात माझंही आधी थायरॉइडच निघालं. घाम, झोप नाही, विनाकारण धास्ती. त्या काळात नैराश्याचा धोका वाढतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. सगळ्या म्हणायच्या, "आता सून आली, आराम कर." आराम करूनच तर जीव जात होता.

जिनिंगवाला :
एक सांगा डॉक्टर. या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात आणि सवय लागते, हे तर खरं ना? माझ्या ओळखीत एक बाई गोळीशिवाय झोपू शकत नाही.

ओपीडीतून :
दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. झोपेची आणि 'डोकं शांत' करायची जी गोळी लोक मेडिकलवरून वर्षानुवर्षं घेतात, तिची सवय लागते. ती आम्हीही देतो, पण थोडे दिवस. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची तशी तलफ लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि इथेच गाडी अडते. आठ दिवसांत फरक नाही म्हणून लोक सोडतात, किंवा बरं वाटलं म्हणून सोडतात. बरं वाटल्यावरही सहा महिने ते वर्षभर चालू ठेवायची असते, मग हळूहळू कमी. एकदम तोडली तर चक्कर, चिडचिड होते. आणि सगळ्यांना गोळी लागतेच असं नाही. सौम्य असेल तर समुपदेशन, झोपेची शिस्त, चालणं यांनी भागतं. काम दिल्याने बरं वाटतं हा तुमचा मुद्दा इथे खरा आहे, फक्त जो उठूच शकत नाही त्याला आधी उठवावं लागतं.

धडगावकर :
तुम्ही सगळे डॉक्टर-डॉक्टर म्हणताय, आमच्याकडून मानसोपचारवाल्याकडे जायचं तर घाट उतरून दिवस मोडतो, मजुरी मोडते ती वेगळी. आमच्याकडे माणूस पहिला पुजाऱ्याकडेच जाणार. मी शाळेवर आहे, मी त्याला अडवत नाही. म्हणतो, तिकडेही जा आणि आरोग्य केंद्रातही चल. एका पालकाला तसंच नेलं. केंद्रातल्या डॉक्टरांनी जिल्ह्याच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून औषध सुरू केलं. पुजाऱ्यानेच नंतर त्याला दम दिला, गोळी चुकवू नको म्हणून. गिरणाकाठच्या ताईंच्या आजीसारखी मारहाण कोणी केली तर मात्र मी मध्ये पडतो.

तापीखोरं :
जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासून देशात आहे. आणि धडगावच्या माणसाचा दिवस अजून मोडतो. माझा मुद्दा मी मागे घेत नाही.

भुसावळ_जंक्शन :
कायद्याचं बोलताय तर एक कामाचं : 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे. पॉलिसी घेताना कागद वाचा, क्लेम नाकारला तर कायद्याचं नाव घ्या. माझ्या एका सहकाऱ्याला आधी नकार आला होता, लेखी तक्रारीनंतर मिळाले.

अंजनीकाठ :
सगळ्यांचे आभार. पुतण्याचं सांगते, शाळा बदलली नाही, क्लास मात्र बंद केला. दारं अजून आपटतो, पण नंतर बाहेर येऊन जेवतो. बहिणीला बिबडे ताईंची पोस्ट वाचून दाखवली, 'छताच्या कड्या' ऐकून ती म्हणाली, "माझ्याकडे पत्रे होते."

आता मूळ अडचण, आबा. ते म्हणतात, "मी येडा नही." भाऊ म्हणतो बीपी तपासायला जाऊ असं सांगून मानसोपचाराच्या डॉक्टरांसमोर बसवू. करावं का?

उधना_सुरत :
करा. माझ्या वडलांना मी असंच नेलं. बरे झाले, आता काय राग धरायचा?

निवृत्त_मास्तर :
मुळीच करू नका. आम्हा म्हाताऱ्यांचं आता कोणी काही विचारत नाही, निदान कुठे नेताय ते तरी सांगा. फसवून नेलंत तर ते डॉक्टरांसमोर तोंड उघडणार नाहीत आणि पुढच्या वेळी खऱ्या बीपीलाही येणार नाहीत.

जिनिंगवाला :
मास्तरांशी शंभर टक्के सहमत. मला माझ्या पोराने असं फसवून नेलं तर मी दवाखान्यातून रिक्षा करून घरी येईन.

ओपीडीतून :
खोटं न बोलताही मार्ग आहे. आबांची तक्रार पोटातल्या गोळ्याची आहे ना? मग त्यासाठीच न्या, त्यांच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे. आदल्या दिवशी तुम्ही डॉक्टरांना फोन करून ओसरीत पडून राहणं, जेवण, झोप सगळं सांगून ठेवा. रक्त तपासायला सांगतील, त्यात बी-12 आणि थायरॉइड घ्यायला सांगा. डॉक्टर स्वतःच सुरुवात करतील, किंवा 'या पोटासाठी अमुक डॉक्टरांना दाखवा' म्हणतील. तो शब्द त्यांच्या डॉक्टरांच्या तोंडून आला की वेगळा लागतो. आणि सोबत भावाला नको, आबांचं ज्याच्याशी जमतं त्याला पाठवा.

अंजनीकाठ :
जमतं ते फक्त पुतण्याशी. तो दार आपटणारा.

निवृत्त_मास्तर :
मग त्यालाच पाठवा. मोटारसायकलवर नको, एसटीने.